डाव्या कोपऱ्यातला माईक

खांबाला खांब हे नाव एका गिऱ्हाइकानं दिलं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. झालं असं की एका केशकर्तनालयात हा पठ्ठ्या खांद्यावर कॅमेरा घेऊन सकाळपासून एका जागी उभा होता. हलला नाही, खोकला नाही, कुणाकडे बघून ओळखीचं हसला नाही. दुपारी एक गृहस्थ दाढी करायला आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आपली छत्री याच्या कोपराला अडकवली आणि खुर्चीत जाऊन बसले. दाढी झाली, छत्री काढून घेतली, चालते झाले. आपण छत्री एका जिवंत माणसाला टांगली होती हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी लांब काठीला माईक लावून त्याची मोठी बहीण उभी होती. ती हसू दाबून इतकी थरथरत होती की त्या दिवसाच्या चित्रीकरणात चौकटीच्या वरच्या बाजूनं माईक सारखा डोकावतो आणि भूकंप झाल्यासारखा हलतो.

तेव्हापासून तो खांब. बहीण मात्र ताईच राहिली. त्याची ताई म्हणून सगळ्यांची ताई. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणतात आणि ती ते मुकाट्यानं ऐकून घेते. ऐकून घेणं हाच तर तिचा धंदा.

ही दोघं सिनेमे करतात. सिनेमे म्हटल्यावर ज्यांनी खुर्ची पुढे ओढली असेल त्यांनी ती खुशाल परत मागे न्यावी. यांच्या सिनेमात गाणं नसतं, मारामारी नसते, घोगऱ्या आवाजात माहिती पाजणारा गृहस्थही नसतो. एखादं दुकान, एखाद्या कारखान्यातली खोली धरायची आणि तिथं वर्ष-दोन वर्षं जाऊन उभं राहायचं. जे होईल ते टिपायचं. जे होत नाही ते व्हावं म्हणून बोटसुद्धा उचलायचं नाही. मग शेकडो तासांतून दीड तास निवडायचा. तो दीड तास बघताना माणसं शेजारच्याचा हात घट्ट धरतात, आणि का धरला हे त्यांना घरी गेल्यावर धड सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत सात सिनेमे. एवढ्या वेळात लोक नातवंडं खेळवतात.

हे खूळ आलं वडिलांच्या फोटो स्टुडिओतून. वडील गिऱ्हाइकाला तीन हुकूम सोडायचे: मान वर, हनुवटी खाली, हसा. पहिले दोन एकाच वेळी कुणालाच जमायचे नाहीत, त्यामुळे तिसरा आपोआप बिनसायचा. ही भावंडं दिवे धरायला उभी असत. खांबाच्या लक्षात आलं की खटका दाबून झाल्यावर चेहरा जो सैल पडतो, तो खरा. ताईच्या लक्षात आलं की त्याच क्षणी माणूस एक सुस्कारा टाकतो, आणि प्रत्येकाचा सुस्कारा वेगळा असतो. रात्रीच्या जेवणाला ती दिवसभरातले सुस्कारे काढून दाखवायची आणि आईनं ओळखायचं. "हा तर बँकेतला," आई म्हणायची, आणि तो बँकेतलाच असायचा. फोटोत मात्र कुणाचाच सुस्कारा नसायचा. दोघांनी ठरवलं, आपण मोठेपणी कुणाला हसा म्हणायचं नाही.

ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. कुठंही गेले की पहिले पंधरा दिवस कॅमेरा नुसता न्यायचा, सुरू करायचा नाही, म्हणजे माणसं त्याला कंटाळतात आणि मग माणसांत येतात. कुणाला प्रश्न म्हणून विचारायचा नाही. आणि "परत एकदा कराल का?" हे तर मेलं तरी म्हणायचं नाही. गेलं ते गेलं. 'परत एकदा' हे दोन शब्द घरात शिवीसारखे झाले. आई म्हणायची, "पानावर 'परत एकदा वाढू का' म्हटलं तरी दोघं अशी बघतात जसं मी विष देतेय."

सिनेमा झाला की तो आधी त्याच माणसांना, त्यांच्याच जागेत दाखवायचा, हाही एक नेम. मग बाकीचं जग.

खांबाचं लग्नसुद्धा याच नियमांत अडकलं होतं. मोटार शिकवणाऱ्या शाळेवर सिनेमा चालला होता, तिथं कोण किती वाजता शिकायला येणार हे वहीत लिहिणारी एक मुलगी होती. खांब तिच्याकडे आठ महिने बघत होता. कॅमेऱ्यातून आणि कॅमेऱ्याशिवायही. सगळ्या शाळेला कळलं, फक्त त्यानं तोंड उघडलं नाही. शेवटी तिनंच पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला काही विचारायचंय, का मीच विचारू?"

खांबानं घाबरून बहिणीकडे पाहिलं. ताईनं कानावरचा हेडफोन खाली ओढला. "विचारलंय तिनं. आपला नियम मोडत नाही. उत्तर दे." अशी वहिनी घरात आली. ती बोलकी आहे हे त्या घराचं भाग्य, नाहीतर तिथं पाहुण्यांना भिंतीशी गप्पा माराव्या लागल्या असत्या.

आता या दोघांचं काम चालायचं कसं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चित्रीकरण चालू असताना एकमेकांशी बोलायचं नाही. कॅमेरा कुठं वळतोय हे माईकवालीला कळायला तर हवं. केशकर्तनालयात त्यांनी पायजम्याची एक नाडी घेतली, एक टोक ताईच्या मनगटाला, दुसरं खांबाच्या कमरेच्या पट्ट्याला. एक हिसका म्हणजे मी वळतोय, दोन म्हणजे आवाज मी बघतोय तिकडून घे. उत्तम चाललं होतं. पण त्या सिनेमाला कुठंतरी मान मिळाला, एक मोठे गृहस्थ काम बघायला आले आणि ती नाडी बघून पोट धरून हसले. भावंडं ओशाळली. नाडी खुंटीला गेली आणि तिच्या जागी जिभेची टाळी आली. खांब टाळ्याला जीभ लावून हळूच 'टक' करायचा. एक टक, दोन टक, अर्थ तेच. ताई हेडफोनची एकच बाजू कानावर ठेवायची, दुसरी मागे सारलेली. एक कान कामाला, एक कान भावाला.

आणि काय कान होते ते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम चालू असताना तिनं एका भल्यामोठ्या यंत्राकडे बघून तोंड वाकडं केलं. तिथल्या मुकादमानं विचारलं, काय झालं? "तुमचं हे यंत्र दोन दिवसांपासून कण्हतंय," ती म्हणाली. मुकादम हसला. चौथ्या दिवशी यंत्र बसलं आणि मुकादम ताईला वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी राहिला.

हीच ताई एक दिवस आपलं गजराचं घड्याळ घेऊन घड्याळवाल्याकडे गेली. घड्याळ वाजतच नाही म्हणे. तिला उजव्या कुशीवर झोपायची सवय. घड्याळवाल्यानं किल्ली दिली आणि असा गजर झाला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"ताई, हे तर गल्ली उठवेल."

ती घड्याळ घेऊन निघाली. वाटेत थांबून तिनं ते उजव्या कानाला लावलं. टिकटिक. मग डाव्या कानाला लावलं. परत उजव्या. परत डाव्या. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, बाई घड्याळाचे लाड करतेय.

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाची नस गेली, ती परत यायची नाही. उजवा उत्तम आहे, त्याला जपा. "कशानं झालं?" "वय म्हणा, गोंगाट म्हणा, नशीब म्हणा. काम काय करता?" ज्या बाईचं नाव सात सिनेम्यांत 'आवाज' या शब्दापुढे एकटं येतं, ती म्हणाली, "भावाला मदत करते."

घरी तिनं कुणालाच सांगितलं नाही. का, ते उघड आहे. एका कानाची आवाजवाली म्हणजे एका चाकाची सायकल. लोक बघायला येतील, बसायला नाही. आणि खरी भीती लोकांची नव्हतीच. भावाच्या शेजारची ती हातभर जागा, तेवढीच तिची जगातली जागा होती. तिथं उद्या दुसरं कुणी दोन कानांचं उभं राहणार. तिनं मनाशी ठरवलं: हातात घेतलेला सिनेमा तडीला न्यायचा, आणि मग भावाला आपल्याला बाजूला करायची पाळी यायच्या आत काहीतरी कारण काढून आपणच बाजूला व्हायचं. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

आणि लागला नाही, असं तिला वाटत होतं. हेडफोन ती आता उजव्या कानावर अर्धाच चढवायची, अर्धा कान कामाला, अर्धा भावाला. आवाजाच्या यंत्रातल्या हलत्या काट्यावर नजर ठेवायची. जन्मभर कानानं ऐकलेली बाई डोळ्यांनी ऐकायला लागली. आणि आश्चर्य म्हणजे जमलं. खांबाच्या टकटकी स्पष्ट यायच्या, अगदी कानाशी. देव पाठीशी आहे, ती म्हणायची. देव कुठल्या बाजूला उभा आहे हे तिनं पाहिलं नाही.

तो सिनेमा होता शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपवर. एक खोली, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर यंत्रांची धडं आणि मुंडकी. दारातून शिरलं की उजवीकडे मेकॅनिककाकांचं टेबल, डावीकडे काकूंचा काउंटर, आणि त्याच्या पलीकडे खोलीतली एकुलती एक खिडकी. काका दुरुस्त करायचे, काकू चिठ्ठ्या लिहायच्या आणि टोमणे मारायच्या. काकांची पद्धत अशी की चालू यंत्रावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत कुठं काय खुपतंय ते त्यांना हाडातून कळायचं.

"डॉक्टर, पेशंट वाचेल का?" काकू विचारायच्या.

"वाचेल. नातेवाइकांनी तोंड बंद ठेवलं तर."

"चाळीस वर्षं ठेवलंय."

"मग हे ऐकतोय ते काय?"

असं दिवसभर. ताईला ती खोली फार आवडली. पण काकांचे हात कापायला लागले होते. सुईत दोरा ओवताना ते भिंतीकडे तोंड करायचे, म्हणजे काकूंना दिसू नये, आणि काकू चिठ्ठ्यांत डोकं घालायच्या, म्हणजे दिसलं हे त्यांना कळू नये. वर्कशॉप वर्षअखेर बंद होणार हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं, गिऱ्हाइकांना मात्र सांगून ठेवलं होतं.

कॅमेऱ्यासाठी सोन्यासारखी जागा म्हणजे खिडकीपाशी. तिथून काकूंच्या तोंडावर छान उजेड पडायचा. पण तिथं एकच माणूस मावायचा, आणि तेही सामानाच्या खोक्यावर चढून. खांब दोन वर्षांत तिथं गेला नाही. दाराकडूनच, ताईच्या उजव्या हाताला उभा राहून चित्रं घ्यायचा, आणि मागे खिडकी असल्यामुळे काकू कायम काळोखात.

"गुडघा," तो म्हणाला. "चढवत नाही."

ताईचा जीव तुटला. तिनं त्याला लेप आणला, गरम पाण्याची पिशवी आणली, शेवटी घट्ट लवचीक पट्टा आणला. खांब तो पट्टा रोज चढवायचा. दीड वर्ष. वहिनी म्हणायची, "मला विचाराल तर गुडघ्याला काही झालेलं नाही." पण वहिनीला कोण विचारतं, त्या घरात कुणीच कुणाला काही विचारत नाही.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. काका एक यंत्र चालवून बघत होते, ताईनं माईक त्यांच्याकडे धरला होता. तेवढ्यात एक गृहस्थ आपलं जड यंत्र उचलून न्यायला आले आणि दोन्ही हातांत ते धरून असे मागे मागे सरकले की खांबाला जागा सोडावीच लागली. तो वळसा घालून ताईच्या डावीकडे गेला, खिडकीपाशी. आणि नेमकं तेव्हाच, यंत्राच्या घरघरीत, काकूंनी पेन खाली ठेवलं. काकांच्या पाठीकडे बघत त्या बोलायला लागल्या. खांबानं दोन टक दिले. मग परत दोन. मग परत. ताईचा माईक होता तिथंच राहिला. पाऊण मिनिट काकू बोलल्या, मग त्यांनी पेन उचललं.

ते चित्र पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा संकलनाच्या खोलीत तिघं होती. भावंडं, आणि सिनेमा कापून जोडणारी बाई, जिला सगळे कात्री म्हणतात, कारण तिचं तोंडही त्याच कामाचं आहे. पडद्यावर काकू होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा उजेडात. सुरकुती न् सुरकुती दिसत होती, ओठ हलत होते, डोळे भरून आलेले, आणि ऐकू काय येतंय, तर शिवणयंत्राची घरघर.

"झालं," कात्री म्हणाली. "दोन वर्षांत खांबाला एकदा खिडकी सापडली, आणि ती मुकी."

ताई घाईघाईनं पुढे झाली. "वायर," ती म्हणाली. "वायर खराब झाली असणार."

"आणून द्या, मी तपासते."

"फेकली," खांब म्हणाला. "काल नवीन आणली." आणि दुसऱ्या दिवशी खरंच नवीन वायर आली. जुनी कुठं गेली कुणास ठाऊक. ताईला वाटलं, सुटले. पण त्या दिवसापासून तिला नीट जेवण जाईना. काकू काय म्हणाल्या ते कायमचं गेलं. आता विचारता येणार नाही, परत एकदा बोला म्हणता येणार नाही. पंचवीस वर्षांत इतकं मोठं काही तिच्या हातून निसटलं नव्हतं, आणि वर ती खोटं बोलली होती.

कात्रीची एक खोड होती. सिनेमा पुरा झाला की माईक चुकून चौकटीत आलेले सगळे तुकडे ती जोडून ठेवायची. त्याला नाव होतं 'ताईचा सिनेमा'. शेवटच्या दिवशी चहाबरोबर तो लावायचा आणि ताईची यथेच्छ टर उडवायची. या वेळी पंचविसावं वर्ष, म्हणून कात्रीनं पहिल्यापासूनचे सगळे तुकडे एका ओळीत लावले होते. वहिनीही आली होती, हसायला.

केशकर्तनालयात माईक थरथरत वरून आला. मोटारशाळेत उजवीकडून आला, शिकवणाऱ्याच्या नाकाला लागता लागता राहिला. टपालखात्यात डावीकडून. धुलाईखान्यात चक्क खालून, चादरींच्या ढिगातून नाग निघावा तसा. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता शेवटची दोन वर्षं," कात्री म्हणाली. "इथं बाईंनी शिस्त लावून घेतलीय."

वरचा डावा कोपरा. माईकचं टोक. परत तोच कोपरा. पुन्हा तोच. वीस-बावीस वेळा, कधीही, कुठंही, फक्त डावा कोपरा.

"म्हातारपणी डावीकडे झुकलात," कात्री म्हणाली. सगळे हसले. ताईसुद्धा हसली, आणि हसता हसता थांबली.

"परत एकदा लाव," ती म्हणाली.

वहिनीनं कप खाली ठेवला. त्या तोंडातून ते दोन शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते.

कात्रीनं परत लावलं. ताई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. माईक डावीकडून येतो, म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे तो माझ्या उजव्या हाताला. दोन वर्षं, प्रत्येक दिवशी, एकदाही चुकून दुसरीकडे नाही. मग तिला खिडकीचं चित्र आठवलं. एकाच दिवशी तो डावीकडे होता, आणि त्या दिवशी तिला काही ऐकू आलं नाही. आणि ते चित्र वरून घेतलेलं होतं. खोक्यावर चढून.

ती वळली तर खांब खोलीत नव्हता. चहा करायच्या छोट्या ओट्याशी कप विसळत होता, धुतलेलेच परत धूत होता.

"गुडघा कसा आहे?" तिनं विचारलं.

"बराय."

"कुठला?"

खांब थबकला. "डावा."

"पट्टा उजव्याला आहे."

त्यानं खाली पाहिलं. मग नळ बंद केला.

"कधीपासून कळलंय तुला?"

"धुलाईखान्याच्या बाहेर तो सायकलवाला आठवतो? तुझ्या डाव्या बाजूनं आला, घंटी वाजवत. तू हलली नाहीस. त्यानं तुला कसल्या शिव्या दिल्या. आणि तू, काय म्हणाला रे, असंसुद्धा म्हणाली नाहीस." खांब कपाशी चाळा करत राहिला. "चांगल्या शिव्या होत्या. तू कधी सोडत नाहीस."

"मग विचारलं का नाहीस?"

"आपण विचारत नाही."

"ते लोकांना. मी लोक आहे का?"

यावर खांब जे बोलला ते वहिनीनं दाराआडून शब्दन् शब्द ऐकलं आणि नंतर सगळ्या ओळखीपाळखीत सांगितलं, म्हणून तर आपल्याला कळतंय. तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. सांगितलं असतंस तर निघून गेली असतीस. मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी उभं राहता येत नाही, ताई. मी करून पाहिलंय. एकदा तू तापानं पडली होतीस तेव्हा. माझे पाय दुखले."

खांब इतकं सलग लग्नाच्या वेळीही बोलला नव्हता.

ताईनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. "दोन वर्षं काकूंना अंधारात ठेवलंस. माझ्यापायी. चित्रं घालवलीस स्वतःची."

"दिसत होत्या की थोड्या."

"कात्री तुला खिडकीवरून टोमणे मारत होती, ते ऐकून घेतलेस."

"तू वायर म्हणालीस ते मी ऐकून घेतलं. फिटंफाट."

मग ताई आत गेली आणि कात्रीसमोर उभी राहिली. "वायर ठीक होती. माझा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली."

कात्रीनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. बाई कितीही फटकळ असली तरी आपलं काम चोख जाणते. "बरं," ती म्हणाली. "मग काकूंचा तुकडा ठेवायचा की काढायचा, तेवढं सांगा."

"ठेव. पण घरघर कमी करू नकोस. जेवढी होती तेवढी."

नेमाप्रमाणे सिनेमा पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये दाखवला, दुपारी चारला, शटर अर्धं खाली ओढून, भिंतीवर चादर लावून. फळ्या आता रिकाम्या होत्या. काका-काकू शेजारी शेजारी स्टुलांवर बसले. काकांना आपले हात पडद्यावर कापताना दिसले. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग तो तुकडा आला. ताई दाराशी उभी होती, फाशीची शिक्षा ऐकायला उभी असावी तशी. पडद्यावर काकू बोलत होत्या आणि यंत्र घरघरत होतं. पाऊण मिनिट.

"काय म्हणत होतीस गं तेव्हा?" काकांनी विचारलं.

"यंत्र चालू होतं तुमचं."

"हो, म्हणून ऐकू नाही आलं. म्हणून तर विचारतोय."

"ऐकू जाऊ नये म्हणूनच तेव्हा बोलले." काकू मागे वळून ताईकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुमच्या त्या काठीनं सगळं ओढून घेतलं असणार. रोज धाकधूक व्हायची. बरं झालं, पोरी. माझं माझ्यापाशी राहिलं."

काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक अलगद काकूंच्या खांद्यावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

"वाचेल का पेशंट?" काकूंनी विचारलं.

"वाचेल. बोलत राहिला तर."

ताईला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येणार नाही. खांबाला मात्र एवढंच वाटलं की कॅमेरा हातात नाही. वर्षानुवर्षांची सवय, दुसरं काय.

हा सिनेमा पुढं कुठं कुठं गेला, कोणी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे वहिनीला विचारा, तिला तारखांसकट पाठ आहे. लोक त्या मुक्या पाऊण मिनिटाबद्दल तासतासभर बोलतात. हे मुद्दाम केलंत का, असं विचारतात. ताई उठून सांगते, "नाही. मला ऐकू आलं नाही." एका कानाचं आता सगळ्यांना माहीत आहे. आणि तिला बाजूला करायला कुणी आलेलं नाही.

आठवं काम नाटकाचे टोप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरू झालं. पंधरा दिवस कॅमेरा बंद ठेवून झाले. सोळाव्या दिवशी खांब नेहमीसारखा ताईच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. ताईनं आजूबाजूला पाहिलं. बायका खाली मान घालून एकेक केस ओवत होत्या. उजेड डावीकडून येत होता. तिनं भावाच्या कॉलरला धरून त्याला सरळ डाव्या बाजूला ओढलं.

"अगं पण—"

"उजेड इकडे आहे. माझं मी बघते." तिनं पिशवीतून नाडी काढली, एक टोक त्याच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला. जुनी केव्हाच तुटली होती, ही नवी होती. कोऱ्या पायजम्यातली. त्या सकाळी घरात त्यावरून वहिनीनं बराच आवाज केला होता आणि तो ताईला एका कानानंही व्यवस्थित ऐकू आला होता.

खांबानं कॅमेरा खांद्यावर घेतला. कोपऱ्यातली एक बाई अर्धवट टोप हातात धरून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला लागली. ताईच्या मनगटाला दोन हिसके बसले, आणि माईक तिकडे वळला.